दुसरी गल्ली

चिलोए बेटावर, एर्सिरा मान्सिया टपालाची पिशवी यास्नाच्या हाती देताना

पिशवी डाव्या खांद्यावर घे, यास्ना.
उजवा हात कुत्र्यांसाठी मोकळा ठेव.
आणि पाट्यांवर फार विसंबू नकोस.
पाट्या मुख्य भूमीवरून बोटीने आल्या,
नावं इथलीच, इथल्या चिखलातली.

ही बघ. पाटीवर कुणी आरमाराचा सेनापती.
तो इथे कधी उतरला नाही,
त्याच्या नावात एक अक्षरही चुकलंय.
पाकिटावर लोक लिहितात पावगल्ली,
कारण ओयार्सोची भट्टी पहाटे चारला पेटायची
आणि त्या वासाच्या मागे मागे
आंधळी दोमितिला काठी न टेकता घरी पोचायची.
भट्टी विझून एकवीस वर्षं झाली.
नाव काही शिळं झालं नाही.

हा उधारीचा चढ.
वरती बार्रियाचं दुकान होतं; मीठ, वाती, तंबाखू.
कुणीतरी विचारलं, अरे, खाली धक्क्यावर का नाही मांडलंस?
म्हणाला, चढून आलेला माणूस धापा टाकतो,
खोटं बोलायला त्याच्यात दम उरत नाही.
माझ्या बापाचे साडेतीन पेसो
त्याच्या वहीत अजून असतील.

पुढे गेलेल्या घराची वाट.
इथे दोघी जावा एका विहिरीवरून भांडल्या.
थोरली म्हणाली, तुझं तोंडसुद्धा नको दिसायला.
धाकटीने शब्द खाली पडू दिला नाही.
गाव बोलावला, घराखाली ओंडके सारले,
चौदा बैलजोड्या जुंपल्या
आणि घरच चालतं केलं:
खिडक्यांना पडदे, चुलीत विस्तव,
धुराडं धूर सोडत टेकडीपलीकडे दिसेनासं झालं.
मागे पायाचे आठ दगड राहिले.
थोरली मरेपर्यंत त्यांच्यामधलं गवत उपटायची.
विचारलं तर म्हणायची, उंदीर होतात.

आता खाली. जपून, फळ्या बुळबुळीत आहेत.
ही दुसरी गल्ली.
नवा माणूस हमखास विचारतो, पहिली कुठे?
तूही विचारलं असशील शाळेत,
आणि मास्तरांनी समुद्राकडे बोट केलं असेल.
साठ साली जमीन हलली, मग खचली.
पाणी आधी दूर गेलं,
लोक टोपल्या घेऊन शिंपले वेचायला धावले.
मी नऊ वर्षांची. माझी टोपली सापडेना,
म्हणून मी मागे राहिले.
मोठ्या ओहोटीला अजून खांबांची बुडखं दिसतात,
सम नंबर डावीकडे, विषम उजवीकडे.

मार्चमध्ये नगरपालिकेचा इंजिनियर आला होता.
म्हणाला, एकपासून सुरू होत नाही ती मोजणी कसली?
दुसरीला पहिली करू, तिसरीला दुसरी.
नव्या पाट्या गोदामात पडून आहेत.
खिळे कुणाला सापडत नाहीत.
खिळे माझ्याकडे आहेत.

आणि हे पत्र.
दर जूनमध्ये येतं, पुन्ता आरेनासहून:
पहिली गल्ली, घर नंबर सात.
लिहिणारा कुणी कार्कामो,
भूकंपाच्या दोन वर्षं आधी मेंढ्या कातरायला गेलेला.
त्याला कुणी कळवलंच नसेल, असं नाही.
मी कधी उघडलं नाही. तूही उघडू नकोस.
पिशवीत शिक्के तीन:
पत्ता अस्तित्वात नाही.
घेण्यास नकार.
घरी नाही.
नियमाने पहिला मारायचा.
मी एकतीस वर्षं तिसरा मारत आले.
पत्र परत जातं, आणि पुढच्या जूनला
तो पुन्हा लिहितो.

थंडीत शाई आळते.
मारण्याआधी शिक्का
थोडा वेळ चुलीजवळ धर.